लाइन क्लिअर

"म्हणजे तू नेमकं करतेस तरी काय गं?"

हा प्रश्न मला वर्षातून किमान चार वेळा येतो. एखादा साखरपुडा, एखादं बारसं, गणपती आणि दिवाळीचा फराळ. 'सायबर सिक्युरिटी ॲनॅलिस्ट' म्हटलं की अर्ध्या लोकांना वाटतं मी पोलिसांत आहे आणि उरलेल्यांना वाटतं मी स्वतःच हॅकर आहे. मग लगेच कोणाचा तरी मोबाइल पुढे येतो. "हे बघ ना, याचं फेसबुक कोणीतरी उघडलंय." त्यावर 'विजेच्या कंपनीत' असं जोडलं की तिसराच घोळ. "मग आमचं बिल एवढं का येतं ते सांग आधी!"

बिलाचं आणि माझ्या कामाचं नातं फारच लांबचं आहे हो. नाही म्हणायला २०२२ मध्ये 'तुमची वीज आज रात्री साडेनऊला कापली जाईल, या नंबरवर संपर्क करा' असे मेसेज सगळीकडे फिरत होते, तेव्हा घरात माझा भाव जरा वधारला होता. फोन केला की समोरचा गोड बोलून एक ॲप टाकायला लावायचा, मोबाइलचा ताबा त्याच्याकडे, आणि दहा रुपये भरता भरता खातं रिकामं. (अजूनही कोणाला असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला कळवा. मामी, हे खास तुमच्यासाठी.) पण तेही माझं काम नव्हे. मी ज्यांच्या वाटेवर डोळे लावून बसते त्यांना तुमच्या खात्यातल्या पैशांशी काही देणंघेणं नसतं.

मग मी करते काय? एका वाक्यात सांगायचं तर, बघत बसते. (आईचं मतही याहून फार वेगळं नाही.) आमची एक मोठी खोली आहे, तिला 'सॉक' म्हणतात, तिथे आम्ही पाळीपाळीने चोवीस तास बसतो. कोणी कुठून लॉगिन केलं, कुठलं मशीन कुठल्या मशीनशी बोललं, कोणी पेन ड्राइव्ह लावला, कोणाचा पासवर्ड पाच वेळा चुकला, हे सगळं पडद्यावर येत राहतं. त्यातलं काही वेगळं वाटलं की अलर्ट. आणि गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक अलर्टच्या मागे आपलाच माणूस आपलंच काम करत असतो. पासवर्ड चुकला, कारण दिवाळीच्या सुट्टीनंतर तो कोणालाच आठवत नाही. रात्री दोनला लॉगिन झालं, कारण बदली झालेला बिचारा हँडओव्हर पुरा करतोय. दिवसाच्या शेवटी 'काही झालं नाही' असं लिहायचं आणि घरी जायचं. वर्षाच्या शेवटी साहेबांना काय काम केलं ते सांगताना फार पंचाईत होते. यंदाही काही झालं नाही, सर!

शिवाय वीज घालवण्याच्या बाबतीत खारी, माकडं, पतंगाचा मांजा आणि वळवाच्या पावसात मोडणाऱ्या फांद्या यांचा हात कुठलाही हॅकर धरू शकणार नाही. असो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, ते नियमात बसत नाही. पण काम समजायला नाव लागतही नाही. आमच्यासारख्या कुठल्याही कंपनीत दोन जाळी असतात. एक ऑफिसचं, ज्यात ईमेल, पगार, बिलं. ते तुमच्या ऑफिसात असतं तसंच. दुसरं यंत्रांचं. गावाबाहेर जाळीच्या कुंपणात उभं असलेलं सबस्टेशन तुम्ही पाहिलं असेल. पूर्वी तिथे चोवीस तास ऑपरेटर असायचा, खुर्ची, रेडिओ, चहाची किटली असं सगळं. आता बऱ्याच ठिकाणी आत कोणीच नसतं. एक डबा असतो, त्याला आरटीयू म्हणतात. कुठला ब्रेकर चालू, कुठला बंद, किती करंट जातोय, हे तो कंट्रोल रूमला कळवत राहतो आणि तिकडून हुकूम आला की ब्रेकर चालू किंवा बंद करतो. पन्नास किलोमीटरवरून, माउसच्या दोन क्लिकमध्ये. या सगळ्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात.

आता हे डबे आपापसांत ज्या भाषा बोलतात त्या ज्या काळात घडल्या, त्या काळात तारेच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच माणसाशिवाय कोणी असेल हे कोणाच्या मनातही नव्हतं. कारखान्यांत आजही वापरली जाणारी मॉडबस ही भाषा १९७९ सालची. तिच्यात 'तू कोण?' हे विचारायची सोयच नाही. हुकूम आला की पाळायचा, बस्स. सबस्टेशनमध्ये चालणारी १०४ नावाची भाषा बरीच नंतरची, पण मूळ रूपात तिचाही स्वभाव तसाच, भोळा. काही मशीन इतकी जुनी की ऑफिसच्या संगणकांची करतो तशी नुसती तपासणी सुरू केली तरी गांगरून बंद पडतात. त्यांच्यावर नवीन काही टाकायचं तर आधी तेवढा भाग बंद ठेवायची परवानगी लागते, आणि ती कोण देणार, ऐन उन्हाळ्यात?

माझी एक मैत्रीण बँकेत हेच काम करते. तिला संशय आला की ती आधी तोडते आणि मग विचारते. एखाद्याचं कार्ड दोन तास बंद राहिलं तर तो चिडतो, शिव्या देतो, संपलं. माझ्याकडे तोडणं म्हणजेच कधी कधी अंधार. अमेरिकेत मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइनचं प्रकरण झालं ते आठवतंय? खंडणीखोरांनी त्या कंपनीच्या ऑफिसच्या जाळ्यातले संगणक कुलूपबंद केले. शिरले होते ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्याच्या पासवर्डने. पाइपलाइन चालवणाऱ्या यंत्रांना त्यांनी हात लावल्याचं काही दिसलं नाही. पण लावलेला नाही अशी खात्रीही देता येईना. म्हणून कंपनीने स्वतःच्या हाताने पाइपलाइन बंद केली. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंतची, सुमारे ८८५० किलोमीटरची! पुढचे कितीतरी दिवस पंपांवर रांगा होत्या. बातम्यांत 'हॅकरांनी पाइपलाइन बंद पाडली' असं आलं. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मात्र हॅकर आलाच नाही. 'बंद करा' म्हणणारा तो जो कोणी होता, तो आला.

इथे मला आमच्या अण्णांबद्दल लिहायला हवं. अण्णा वायरमन होते, तासगाव तालुक्यात. लहानपणी आमच्या घरात फोन आला तो हौसेने नव्हे, ड्युटीमुळे. अकरा केव्हीच्या लाइनवर चढायचं तर आधी लाइन क्लिअर घ्यायची. सबस्टेशनला फोन करायचा. फीडरचं नाव, कामाची जागा, माणसं किती, वेळ किती. पलीकडचा ऑपरेटर तेच शब्द परत म्हणून दाखवायचा. मग तो ब्रेकर बंद करून परमिटचा नंबर द्यायचा, तो अण्णा वहीत लिहायचे. आणि एवढं सगळं झाल्यावरही खांबाला हात लावण्याआधी डिस्चार्ज रॉड टाकून लाइन अर्थ करायची. मी एकदा विचारलं होतं, ऑपरेटरने बंद केलीय ना, मग परत कशाला? तर म्हणाले, तो खरंच सांगतोय गं, पण कुठल्या तरी मळ्यात नाहीतर मंगल कार्यालयात जनरेटर चालू असतो आणि त्याची वीज उलटी लाइनवर येते. काम झालं की माणसं खाली उतरवायची, मोजायची, अर्थिंग काढायचं, मग परमिट परत. आणि ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं. दुसऱ्या कोणी फोन करून 'झालं बघा काम' म्हटलं तर ऑपरेटरने ऐकायचं नाही, मग तो इंजिनिअर का असेना.

आमच्या धंद्यात हल्ली याला 'झिरो ट्रस्ट' म्हणतात. त्यावर मोठमोठ्या हॉटेलांत परिषदा भरतात, गळ्यात पट्टे अडकवून आम्ही जातो. अण्णांना मी ते एकदा अर्धा तास खर्चून समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मग यात नवीन काय?"

या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात युक्रेनची गोष्ट सांगतात. २३ डिसेंबर २०१५. तीन वीज वितरण कंपन्या. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकायला लागला आणि एकेक ब्रेकर बंद करत सुटला. तीसएक सबस्टेशनं अंधारात गेली, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक. ऐन हिवाळा. हे करणारे कित्येक महिने आधीच आत आले होते, एका ईमेलला जोडलेल्या फाइलमधून. इतके दिवस ते काय करत होते? तर बघत बसले होते! म्हणजे माझंच काम. कोण केव्हा येतो, कुठला पासवर्ड वापरतो, कुठल्या बटणाने काय होतं. शेवटी त्यांनी जे केलं ते ऑपरेटर रोज करतो तेच, ऑपरेटरच्याच खात्यातून. वर ग्राहकांना तक्रार करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा मारा, आणि सबस्टेशनमधल्या संपर्काच्या डब्यांचं सॉफ्टवेअरच पुसून टाकलं, म्हणजे दुरून काही परत चालू करता येऊ नये.

आणि तरीही काही तासांत वीज आली. कशी? माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनला गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. एवढंच. त्यांच्याकडे अजून हाताने काम करणारी माणसं होती.

"मग आपल्या मुंबईचं काय?" हा पुढचा प्रश्न. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, ते आपल्या सगळ्यांना आठवतंय. १ मार्च २०२१ ला राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर शाखेच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताचा संशय बोलून दाखवला. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की ती मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. कोण बरोबर, या वादात मी पडत नाही. मला त्यातलं वेगळंच काही तरी टोचतं. तिकडे फ्लोरिडात ओल्ड्समार नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉस्टिक सोड्याचं प्रमाण कोणीतरी शंभरावरून अकरा हजार शंभरावर नेलं. ऑपरेटरने पाहिलं, लगेच खाली आणलं, कोणालाही इजा झाली नाही. पाण्यात विष कालवण्याचा प्रयत्न म्हणून जगभर बातम्या झाल्या. आणि २०२३ मध्ये त्या वेळच्या शहर व्यवस्थापकानेच सांगितलं की हल्ला वगैरे काही नव्हता, बहुधा आपल्याच कर्मचाऱ्याच्या हातून बटणं दाबली गेली. म्हणजे बघा. दोन वर्षं जग ज्याला शत्रू समजत होतं तो कदाचित त्याच खोलीत बसला होता, बिचारा.

पडद्यावर शत्रू आणि आपला माणूस सारखेच दिसतात. हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण समजलं ते एका रात्री.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. (तारीख, जागा आणि एकदोन तपशील मुद्दाम बदललेत.) संध्याकाळपासून नुसता कोसळत होता. पावणेदोनला अलर्ट आला. आमच्या एका यंत्रपुरवठादाराच्या इंजिनिअरचं खातं देवडीवर आलं होतं. देवडी हा माझा शब्द, खरा शब्द जंप सर्व्हर. जुन्या वाड्याला देवडी असते ना, बाहेरच्याने आधी तिथे थांबायचं, मग आत; तसंच मशीन. पासवर्ड बरोबर, मोबाइलवर येणारा दुसरा आकडाही बरोबर. पण जिथून आला होता तिथून तो आजवर कधीही आला नव्हता. आणि त्या रात्रीच्या कामांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. देवडीवरून तो एका सबस्टेशनच्या मशीनकडे निघाला होता.

त्याच सबस्टेशनचे फीडर वीसेक मिनिटांपूर्वी ट्रिप झाले होते आणि तिथला आरटीयू मुका झाला होता. म्हणजे कंट्रोल रूमला तिथलं काही दिसत नव्हतं आणि तिथे काही करताही येत नव्हतं. आता तुम्हीच सांगा. आधी आंधळं करायचं आणि मग आत शिरायचं, हे युक्रेनच्या गोष्टीतलंच पान. किंवा मग एक दमलेला इंजिनिअर मध्यरात्री उठून आमचा मुका डबा बोलता करायला आलेला. दोन्ही चित्रं तितकीच खरी वाटत होती.

फाइलमधल्या त्याच्या नंबरवर फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. मग कंट्रोल रूमचा थेट फोन उचलला. शिफ्टवर जे साहेब होते त्यांची नोकरी माझ्या वयाएवढी.

"साहेब, तुम्ही पुरवठादाराच्या माणसाला बोलावलंय का?"

"मी नाही. थांबा." त्यांनी खोलीत मोठ्याने विचारल्याचं ऐकू आलं. "इथून कोणी नाही. टेस्टिंगवाल्यांनी परस्पर बोलावलं असेल तर सांगता येत नाही. त्यांचा फोन लागत नाहीये."

"परमिट नाहीये त्याचं. तोडू का?"

"तोडलंत तर आरटीयू तसाच बसून राहणार, मॅडम. मग मला माणूस पाठवून ब्रेकर हाताने लावावे लागतील. रस्त्यावर पाणी आहे. पाऊण तास धरा."

"आणि तो आपला नसला तर?"

तिकडे दुसरे फोन वाजत होते. तीन-चार सेकंद गेले असतील.

"तोडा," ते म्हणाले. "मी माणूस पाठवतो. वेळ लिहून ठेवा, एक त्रेपन्न."

मी तोडलं. खातं गोठवलं. वहीत एक त्रेपन्न लिहिलं. मग पुढची पाऊण तास माझ्याकडे करण्यासारखं फार काही नव्हतं. लॉग उपसत होते, पण कान फोनकडे. त्यात २०२२ पासून असं काही खरंच घडलं तर सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवायचं असतं, ते घड्याळही डोक्यात चालू झालेलं. गमबूट घातलेला एक ऑपरेटर आणि एक ड्रायव्हर त्या वेळी गुडघाभर पाण्यातून जात होते हे मला नंतर कळलं. दोन एक्केचाळीसला साहेबांचा फोन आला. "लागले सगळे." बस्स, एवढंच बोलले.

साडेतीनला तो इंजिनिअर फोनवर सापडला. आपलाच होता. सासुरवाडीला गेला होता, तिथून मोबाइलच्या नेटवरून शिरला होता. आमच्याच टेस्टिंगच्या माणसाने त्याला थेट फोन करून उठवलं होतं, कंट्रोल रूमला न सांगता, घाईत, भल्यासाठीच. चिडला होता तो. "मॅडम, पाच मिनिटं थांबला असतात तर आरटीयू चालू झाला असता. मी काय चोर आहे का?" खरं होतं त्याचं. पाच मिनिटांत झालंच असतं.

दुसऱ्या दिवशी अहवाल भरताना फॉर्ममध्ये दोनच रकाने. खरा हल्ला की खोटा अलर्ट. आमच्या एका वरिष्ठांनी सहज म्हटलं, "खोटा लिहून टाक, विषय मिटव." पण अलर्ट खोटा कुठे होता? परमिट नव्हतं, जागा अनोळखी होती, फोन लागत नव्हता, हे सगळं खरंच होतं. मी दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि शेऱ्यात लिहिलं, 'एक त्रेपन्नला ओळख पटली नव्हती.' त्यावरून दोन ईमेल आले-गेले. शेरा तसाच राहिला.

हे इथेच संपलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात एका ओळखीच्यांकडे जाणं झालं. त्यांच्या घरातल्या आजोबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, विजेवर चालणारं. चहा घेताना त्या घरच्या वहिनी सांगायला लागल्या, त्या रात्री काय झालं गं, तासाच्या वर लाइट नव्हती, इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झालीय, शेवटी शेवटी पिवळा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा मी सिलिंडर ओढून आणला आणि नुसती बसून राहिले, लागला तर लावायला. तुमच्या ऑफिसात काही कळलं का? मी म्हटलं, पाऊस होता ना खूप. दुसरं काय म्हणणार? असल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात. बोलले असते तरी काय सांगणार होते, की त्या तासातली अठ्ठेचाळीस मिनिटं माझी होती? आजोबा आतल्या खोलीत झोपले होते, मशीनचा आवाज येत होता. मी चहा संपवला.

तशीच रात्र परत आली तर मी परत तोडीन. याबद्दल मनात शंका नाही, तेव्हाही नव्हती. पण 'अंदाजे पाऊण तास खंडित' हे अहवालातले चार शब्द मला तेव्हापासून पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. बँकेतल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तू नियमाने वागलीस. बरोबर आहे. नियमाने वागून झालेल्या अंधाराचं काय करायचं ते मात्र तिलाही माहीत नव्हतं.

गावी गेल्यावर अण्णांना सांगितलं, नावं-गावं वगळून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"परमिट होतं का?"

"नव्हतं."

"मग?"

आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

त्यानंतर आमच्याकडे एक बदल झाला. तो व्हायला तीन मीटिंगा लागल्या, कारण फोनवर चालणारी कुठलीही गोष्ट आमच्या आयटीवाल्यांना मागासलेली वाटते. आता बाहेरचा कोणीही इंजिनिअर आत येणार असेल, मग मध्यरात्र असो की पूर असो, आधी त्याने कंट्रोल रूमला फोन करायचा. कोणी बोलावलं, कुठल्या मशीनवर, किती वेळ. कंट्रोल रूमने ते परत म्हणून दाखवायचं आणि नंबर द्यायचा. तो नंबर आमच्याकडे आला तरच देवडीचं दार उघडतं. दीड-दोन मिनिटांचं काम. संपलं की त्यानेच फोन करून नंबर परत करायचा. तिसऱ्या मीटिंगमध्ये शिफ्टवाले साहेब माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी कोणी वायरमन आहे का?" :)

ते साहेब मार्चमध्ये निवृत्त झाले. जाताना त्यांनी एक वही ठेवली, लांबट, काळ्या पुठ्ठ्याची. कुठल्या सबस्टेशनच्या कुलपाची किल्ली कोणाकडे, कुठल्या पॅनेलचा हँडल जरा उचलून मग फिरवावा लागतो, पावसात कुठला रस्ता आधी बुडतो आणि मग कुठून जायचं. आरटीयू, स्काडा सगळं मेलं तरी चालेल असं सगळं तिच्यात आहे. आमच्यातल्या एकाने उत्साहाने म्हटलं की स्कॅन करून सर्व्हरवर टाकू या. मी नको म्हटलं. खाली जाऊन तीन झेरॉक्स काढून आणल्या, कुलपात ठेवल्या.

यंदा पावसाळ्याआधी कंट्रोल रूमच्या नव्या मुलांना घेऊन त्या वहीतली सबस्टेशनं एकेक करून बघायची, ब्रेकर हाताने लावून बघायचे असं ठरलंय. सॉकमधल्या कोणी यायचं कारण नाही खरं तर. पण मी नाव दिलंय. गमबूट घ्यायचेत अजून, माझ्या मापाचे मिळत नाहीयेत.